झेड प्रमाणपत्रासाठीची सल्लासेवा : रबाळ्यातील एका प्लेटिंग कारखान्याचा अनुभव

नवी मुंबईतील रबाळे एमआयडीसीत आमचा जस्ताच्या प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या वस्तूंवर जस्ताचा थर चढवण्याचा, लहान कारखाना असून बोल्ट, बिजागऱ्या, ब्रॅकेट असा माल आम्ही जॉबवर्कने करून देतो. ‘झेड’, म्हणजे उत्पादनात दोष नको आणि पर्यावरणाला अपाय नको, या केंद्र सरकारच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही ठाण्यातील एका सल्लागार संस्थेची मदत घेतली. २८ एप्रिल २०२२ रोजी नव्या स्वरूपात सुरू झालेल्या या योजनेत कांस्य, रौप्य व सुवर्ण असे तीन स्तर आहेत. आम्ही घेतलेल्या रौप्य स्तराला १४ निकष आणि ४० हजार रुपये शुल्क आहे. सूक्ष्म उद्योगाला त्यात ८० टक्के सवलत मिळते. सल्लागाराचे मानधन मात्र वेगळे असते, ते आधीच ठरवून घ्यावे.

संस्थेचे तज्ज्ञ पहिले दोन दिवस कार्यालयात बसलेच नाहीत, टाक्यांपाशी उभे राहिले. ‘परत आलेल्या मालाचे तुम्ही काय करता?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. असा माल आम्ही ॲसिडमध्ये टाकून थर काढतो आणि पुन्हा प्लेटिंग करतो. त्याची नोंद ठेवायला लागल्यावर ध्यानात आले, की त्याच मालासाठी ॲसिड, धुण्याचे पाणी आणि सांडपाण्यातला गाळ हे सारे दुसऱ्यांदा खर्ची पडते. तोवर दर्जा हा ग्राहकाचा विषय आणि प्रदूषण हा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, अशीच आमची समजूत होती.

थर सुटल्यामुळे माल परत येत होता, आणि त्याचे मूळ नगांवर राहिलेल्या प्रेस यंत्राच्या तेलात निघाले. धुतलेला नग पाण्यातून वर काढल्यावर पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर तो स्वच्छ, पाणी थेंबाथेंबांत फुटले तर तेल शिल्लक आहे, ही बिनखर्चाची परीक्षा आमच्या कामगारांनी एका दिवसात आत्मसात केली. नग भरलेले बॅरल (पिंप) वर उचलल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत टाकीवरच धरायचे, म्हणजे रसायन निथळून परत टाकीत पडते, आणि ताजे पाणी शेवटच्या धुण्याच्या टाकीत सोडून तेच आधीच्या टाकीत वळवायचे, हे बदलही तज्ज्ञांनीच करवून घेतले. जस्ताच्या थराला गंजापासून जपणाऱ्या पिवळ्या रासायनिक लेपातील (पॅसिव्हेशन) घातक सहासंयुजी क्रोमियमऐवजी त्रिसंयुजी वापरण्याचा त्यांचा आग्रह योग्यच होता, पण रंग बदलल्यामुळे ग्राहकांची समजूत घालण्यात आमचे बरेच दिवस गेले.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र या सेवेने निराशा केली. कार्यपद्धतीचे सगळे नमुने इंग्रजीत होते, त्यांत आमच्याकडे नसलेल्या यंत्रांचाही उल्लेख होता, आणि ज्यांनी ते वाचायचे ते आमचे कामगार मराठी व हिंदी वाचणारे. शेवटी आमच्या सुपरवायझरने प्रत्येक टाकीशेजारी मराठीत फलक लिहून लावले. प्रमाणपत्र हाती आल्यावर पाहणीसाठी येण्याचे आश्वासनही पाळले गेले नाही.

सुवर्ण स्तरासाठी आम्ही याच संस्थेकडे जाणार आहोत, मात्र कार्यपद्धती मराठीत लिहून देणे आणि दर तीन महिन्यांनी टाक्यांपाशी येऊन पाहणी करणे, या दोन अटी या वेळी करारातच घालू.