नाशिकची गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी: बाईसाठी भरवशाची, आकडेवारीसाठी जपून

सरकारी आयसीटीसीतली (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रातली) ही तपासणी मोफत आहे. आधी समुपदेशन, मग संमती, मगच रक्त. सेवा म्हणून तिला चांगले गुण द्यायला हरकत नाही. उपकेंद्रात एएनएम (परिचारिका) बोटाला टोचून करते ती नुसती चाळणी. पक्कं निदान आयसीटीसीत, वेगवेगळ्या बनावटीच्या तीन किटवर तपासूनच होतं.

तीन कशाला? दहा हजार बाया घ्या, लागण ०.२ टक्के, म्हणजे २० जणी. किट निरोगी रक्ताला ९९.५ टक्के वेळा बरोबर ओळखतं असं धरलं, तरी लागण नसलेल्या जवळपास ५० जणी रिअ‍ॅक्टिव्ह (लागण असल्यासारख्या) दिसतील. एकाच किटवर थांबलं तर दर दहा रिअ‍ॅक्टिव्हमागे सात खोटे! त्यात किट फ्रिजमधून काढून तसंच थंड वापरलं, किंवा ठरलेली मिनिटं उलटल्यावर वाचलं, की फिकट रेघेवरून वाद सुरू. किट नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची रेघच उमटली नाही तर निकाल वाचायचाच नाही, नवं किट घ्यायचं.

प्रसूत होणाऱ्या बायांत लागण किती, हे आयसीटीसीच्या रजिस्टरांवरून काढायला जाल तर मात्र सावध. आधीपासून एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेणाऱ्या बाईची नव्याने तपासणी होत नाही, त्यामुळे ती ‘तपासलेल्या’ रकान्यात दिसतच नाही. तिला अंशात आणि छेदात, दोन्हीकडे धरावं लागतं. विसरलात तर दर खोटा खाली येतो. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि तिथे पुन्हा तपासली जाते. सुरगाणा-पेठहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेल्या बाईचंही तेच होऊ शकतं. दुबार नोंदी आरसीएच क्रमांकावरून (गरोदर बाईच्या सरकारी नोंदणी क्रमांकावरून) जुळवाव्यात, नावावरून नाही. नावं लिहिण्याच्या तऱ्हा अनेक, आणि गोपनीयता तर कायद्यानेच बंधनकारक. एकही तपासणी न होता थेट कळा सुरू झाल्यावर आलेल्या बायांची नोंद प्रसूतिगृहात असते, ती वेगळी मागावी लागते. खासगी दवाखान्यांतली बाळंतपणं सुटली, तर निघालेला दर सरकारी दवाखान्यापुरताच.

नॅकोचं (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं) सेंटिनल सर्वेक्षण, म्हणजे ठरावीक केंद्रांवरून लागणीवर ठेवलेली नजर, याहून स्वच्छ. ठरलेल्या एएनसी (गरोदरपणातल्या तपासणीच्या) केंद्रावर १५ ते ४९ वयाच्या, त्या फेरीत पहिल्यांदाच आलेल्या ४०० बाया ओळीने घेतात, कोणालाही न वगळता. पण २०१९चा देशाचा दर होता ०.२४ टक्के, म्हणजे ४०० त जेमतेम एक. एकही सापडली नाही तरी खरा दर ०.७५ टक्क्यांपर्यंत असू शकतो (तीन भागिले ४००, हा सोपा ठोकताळा). एका केंद्राच्या एका फेरीवरून ‘नाशिकमध्ये एचआयव्ही घटला’ असं लिहिणाऱ्यांनी एवढा भागाकार करून पाहावा.

खुद्द बाळंतपणं मोजायची सरळ वाट म्हणजे नवजाताच्या टाचेतला, कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वारेतून आलेली असतात, म्हणून थेंब आईची लागण सांगतो, बाळाची नव्हे. अमेरिकेत १९८८ ते १९९५ असं नाव पुसून मोजलं जाई. बाळाला लागण आहे का, हे मात्र सहाव्या आठवड्याच्या पीसीआरवर (खुद्द विषाणू शोधणाऱ्या चाचणीवर) पाहतात. कारण आईची प्रतिपिंडं बाळात दीड वर्षापर्यंत टिकू शकतात.

आरोग्य विद्यापीठाच्या प्रबंधासाठी आकडे मागणाऱ्यांनी रीतसर परवानगी काढून चार रकाने वेगळे मागावेत: नव्याने तपासलेल्या, आधीच माहीत असलेल्या, थेट प्रसूतीला आलेल्या आणि पुन्हा तपासलेल्या. एकत्रित बेरीज हाती आली तर ती परत पाठवा.