डेअरडेव्हिल, 2011 : पहिला अंक पुन्हा एकदा

मालिका थकली की अंकांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची, ही अमेरिकी कॉमिक्स प्रकाशक मार्व्हलची जुनी सवय आहे. मुखपृष्ठावरच्या त्या आकड्यामुळे नवे वाचक अंक उचलतातही. परंतु पुढे ते टिकतात की नाही, हे लेखक-चित्रकारांनी आत खरोखर काय बदलले आहे यावर ठरते. 2011 मध्ये मार्क वेड यांच्या लेखणीतून नव्याने सुरू झालेली ‘डेअरडेव्हिल’ या कसोटीला पुरेपूर उतरते.

डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक, दिवसा अंध वकील आणि रात्री मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणारा नायक. पूर्वीचे लेखक-चित्रकार फ्रँक मिलर यांच्या काळापासून त्याच्या वाट्याला जवळजवळ अखंड दुःखच आले होते आणि 2010 च्या ‘शॅडोलँड’ या कथेत तर तो सैतानी शक्तीच्या आहारी जाऊन खलनायक झाला होता. वेड यांनी हा भूतकाळ पुसला नाही. त्यांचा मॅट मर्डॉक ठरवून आनंदी राहतो, आणि त्याचे ते हसू कितपत खरे आहे ही शंका त्याचा भागीदार फॉगी याच्याइतकीच वाचकालाही सतावते. मॅटच डेअरडेव्हिल असल्याचा बोभाटा पूर्वीच झालेला असल्याने कोर्टात तो उभा राहिला की समोरची बाजू तेच उकरून काढते. म्हणून हे दोघे अशिलांना स्वतःचा खटला स्वतः लढवायला शिकवतात. नाताळच्या पार्टीत तर मॅट ‘मी डेअरडेव्हिल नाही’ असे लिहिलेला स्वेटर घालून मिरवतो.

चित्रांची कामगिरी याहून मोठी आहे. पाओलो रिव्हेरा आणि मार्कोस मार्टिन यांनी मॅटचे ‘रडार’, म्हणजे न पाहता भोवतालचे आकार ओळखण्याची त्याची शक्ती, वळणदार रेषांच्या जाळ्यातून दाखवले आणि आवाज चित्राच्या रचनेतच गुंफले. (रिव्हेरा यांच्या पेन्सिलीवर शाई त्यांच्या वडिलांची आहे, हेही सांगायला हवे.) सातव्या अंकात अंध मुलांना घेऊन निघालेली बस बर्फात कोसळते, बर्फामुळे मॅटच्या संवेदना बोथट होतात, आणि पांढऱ्या पानांवर वाट हरवल्याची भीती वाचकाला डोळ्यांनी जाणवते. या अंकाला 2012 चा आयस्नर हा कॉमिक्सचा मानाचा पुरस्कार मिळाला. उत्कृष्ट मालिका आणि उत्कृष्ट लेखक हे मानही त्याच वर्षी वेड यांच्या पदरात पडले.

उणिवाही आहेत. गुन्हेगारी टोळ्यांची गुपिते साठवलेल्या ‘ओमेगा ड्राइव्ह’चे प्रकरण गरजेपेक्षा लांबते आणि त्यातला एक टप्पा समजून घेण्यासाठी स्पायडरमॅन व पनिशर यांचे अंकही विकत घ्यावे लागतात, हे वाचकाच्या खिशावर अन्यायकारक आहे. क्रिस सामनी चित्रकार म्हणून स्थिरावल्यावर मात्र मालिका पुन्हा घट्ट होते.

छत्तिसाव्या अंकात मॅट भर कोर्टात आपली ओळख कबूल करतो, त्यामुळे त्याची न्यूयॉर्कमधली वकिली संपते, आणि 2014 मध्ये कथा सॅन फ्रान्सिस्कोला नेऊन पुन्हा ‘अंक 1’ निघतो. लेखक तोच, चित्रकार तोच. सूर्यप्रकाश तेवढा वाढला. हे अंक वाईट नाहीत, पण ते सदतिसावा अंक म्हणून छापले असते तरी काही बिघडले नसते. त्यानंतरचे लेखक चार्ल्स सूल यांनी 2015 च्या अखेरीस मॅटला न्यूयॉर्कला परत आणले, त्याची ओळख जगाच्या स्मृतीतून पुसून टाकली आणि पाने पुन्हा काळोखी केली. त्या कबुलीची किंमत इतक्या सहज माफ झाली, याची चुटपुट सूल यांचे चांगले अंक वाचतानाही जात नाही. नव्या वाचकाने 2011 च्या पहिल्या खंडापासून सुरुवात करावी; मागचे काही वाचलेले नसले तरी अडत नाही.