'थंडीत टिकणारी केळ' आणि माझे ३१,७२० रुपये

३१,७२० रुपये. चार हप्त्यांत गेले, चारही वेळा माझ्याच फोनवरून, माझ्याच पिनने. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी म्हणणारच, "काका, लिंकवर क्लिक केलं असेल तुम्ही." लिंक नव्हती, ओटीपी नव्हता, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस नव्हता. झाडं होती. घरात झाडांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो. असायचा.

नागपुरात राहून थंडीतल्या केळीचं काय काम, हा पहिला प्रश्न. नागपुरात मोठ्या पानांच्या झाडांना थंडी मारत नाही, मे महिना मारतो. हिरव्या नेटखाली, कूलरच्या ओल्या हवेत ठेवूनही मॉन्स्टेराच्या कडा पापडासारख्या होतात. पण माझ्या सासऱ्यांची चिखलदऱ्याला थोडी जागा आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, कॉफी येते तिथे, आणि जानेवारीच्या रात्री दोन गोधड्या लागतात. तिथे एक कोपरा असा करायचा होता की माणसाला वाटावं आपण केरळात उभे आहोत. वेडेपणा नाही हा. इंग्लंडमध्ये लोक बर्फात हे करतात. तिथल्या ग्रेट डिक्स्टर या प्रसिद्ध बागेत तिचे मालक ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९० च्या दशकात जुनी गुलाबबाग उखडून तिथे केळी, कर्दळी, डेलिया लावले होते. मुसा बसजू नावाची केळ त्या हवेत जमिनीत राहते. पहिल्या हिमात पानं काळी पडतात, पण बुंध्याभोवती पेंढा गुंडाळला आणि मुळांवर जाड आच्छादन दिलं की पुढच्या वर्षी खालून परत फुटते. फळ बियांनी भरलेलं, खायच्या कामाचं नाही. पानांसाठीच लावायची.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर जास्त चीड येते.

गाठ पडली ती झाडांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. माणूस कालिम्पाँगच्या नर्सरीचा म्हणवत होता, आणि कालिम्पाँग नर्सऱ्यांसाठी नावाजलेलं आहेच. आधी त्याच्याकडून कॅलेडियमचे, म्हणजे रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाचे कंद घेतले, ६८० रुपयांचे. वेळेवर आले, मॉसमध्ये नीट गुंडाळलेले, एकही सडका नाही. हा प्रकार तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही होता. पण चांगला माल हातात आल्यावर माणूस संशय कुठून आणणार? ते चांगले कंद म्हणजे त्याने टाकलेलं आमिष होतं.

मग "इम्पोर्ट बॅच" आली. बसजूची तीन रोपं प्रत्येकी २,४००. लाल पानांची हबशी केळ, एन्सेटे 'मॉरेली', दोन, प्रत्येकी ३,९००. एक टेट्रापॅनॅक्स, म्हणजे प्रचंड पानांचं झुडूप, ३,५००. एकूण १८,५००, अर्धे आगाऊ, म्हणजे ९,२५०. मी क्यूआर स्कॅन केला तर वर नाव आलं एका मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. विचारलं. "सर जी, नर्सरी का करंट अकाउंट अपडेट हो रहा है, भाई का है, टेन्शन मत लो." यूपीआयवर पैसे जायच्या आधी नाव दिसतं ते याचसाठी दिसतं. नाव जुळलं नाही तर फोन खिशात घाला. भावाचं, मेव्हण्याचं, अकाउंटंटचं, कोणाचंही खातं असो, नाही म्हणजे नाही.

पण माझं डोकं फिरतं ते या नावाने नाही. ते फिरतं एका फोटोने.

मी मॉरेलीचा फोटो मागितला. त्याने पाठवला. तडकलेल्या निळ्या बादलीत एक मोठं झाड, काळपट लाल देठ, आणि त्याच्या बुडाशी दोन छोटी पिल्लं. खाली मेसेज: "ये दोनों बेबी आपके." आता ऐका. एन्सेटे पिल्लं देत नाही. आपली बागेतली केळ देते, बसजू देते, एन्सेटे आपणहून देत नाही. तिचा बुंधा एकटाच वाढतो, पाच-सात वर्षांनी एकदा फुलतो आणि मरतो. नवी रोपं बियांपासून, टिश्यू कल्चरने किंवा कंद कापून, इजा करून फुटवे काढून करतात. त्याच आठवड्यात मी हे बायकोला जेवताना सांगितलं होतं, आमटी वाढता वाढता तिने ऐकलंही होतं. आणि तो फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला, पिल्लांच्या पानांवरची लाल छटा पाहिली, आणि "छान" असा अंगठा पाठवला! तिची पहिली प्रतिक्रिया, "अहो, तुम्हीच तं म्हणत होता तिला पिल्लं होत नाहीत म्हणून." रात्री दोनला आठवतं मला हे वाक्य.

माझी बाजूही ऐका. फोटोतलं मोठं झाड खरंच मॉरेली होतं. कुठल्यातरी परदेशी बागेतून उचललेलं चित्र, त्यात साध्या केळीची पिल्लं चिकटवलेली. इतकं सफाईदार की जाणकारालाही चटकन कळू नये.

पुढे "फायटो सर्टिफिकेट"चे, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याच्या दाखल्याचे ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ४,७२०. पीडीएफ पाठवलं. थायलंडचं. नाव माझं, पण अक्षरं बाकी मजकुरापेक्षा जाड, आणि मालाच्या रकान्यात कापलेली ऑर्किडची फुलं. हे मी पैसे गेल्यावर भिंग घेऊन वाचलं. परदेशातून रोप आणायचं तर निर्यात करणाऱ्या देशाचं सरकारी फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं आणि आपल्याकडे आधी आयात परवाना काढावा लागतो. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात ते आहे. ते काम आणणाऱ्याचं. गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी त्याचे पैसे मागत नाही. मग उरलेले ९,२५०, "माल दिल्लीत उतरला" म्हणून. मग ८,५०० "परत मिळणारं क्वारंटाइन डिपॉझिट". "परत मिळणारं" हा शब्द दिसला की समजा आता परत काहीच मिळणार नाही.

मी पोलिसांचं नाव काढल्यावर पार्सल आलं. ही त्याची खरी हुशारी. खोक्यात भिजलेल्या वर्तमानपत्रात कंद होते. लावले. काही आठवड्यांनी वर आली तांबूस पानांची कर्दळ, जी आपल्या कुठल्याही रोपवाटिकेत तीस-चाळीस रुपयांना मिळते, आणि हिरवागार धोपा, म्हणजे अळू. बायकोने त्याच्या वड्या केल्या. मी खाल्ल्या नाहीत.

खोक्यावरच्या कुरियरच्या चिठ्ठीवर बुकिंग कालिम्पाँगचं नव्हतं. नागपूरचं होतं! आपल्याच शहरातल्या एका काउंटरवरून, बहुतेक माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावरून.

आता सरकारी कथा. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. बाईंनी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक विचारला, बारा आकडी, चारही व्यवहारांचे दिले, तक्रार क्रमांक मिळाला. तोवर तिथल्या खात्यात पैसे शिल्लक नव्हते. हा फोन पैसे गेल्याच्या तासाभरात करायचा असतो, पार्सलची वाट बघत बसून नाही. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे, आमची जबाबदारी बसत नाही. नियमाने ते बरोबर असेल. पण हे सांगताना ते समोरच्या गिऱ्हाइकाला एफडीचा फॉर्मही भरून देत होते.

पोलीस ठाण्यात साहेबांनी खोक्याचा फोटो पाहिला आणि विचारलं, "म्हणजे माल मिळाला न काका?" मिळाला, पण कर्दळ. "मग हे फसवणूक नाही, हा व्यवहाराचा वाद. ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, चार वेगवेगळ्या नावांनी पैसे घेतलेत, खोटं सर्टिफिकेट आहे. ते म्हणाले, "केळ आणि कर्दळ, दिसतात तर सारखीच." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मुलगा नम्र होता, पण त्याला विक्रेत्याचा नोंदणीकृत पत्ता हवा होता. पत्ता असता तर मी तुला कशाला फोन केला असता बाबा? त्याने सांगितलं, विक्रेता अनोळखी असेल तर सायबर पोलीस. सायबरवाल्यांनी सांगितलं, माल आला असेल तर ग्राहक. कुरियरच्या काउंटरवर गेलो, की बुकिंग करणाऱ्याचं नाव तरी द्या. "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणाले, गुन्हा नोंद झाला की पत्र देऊ. गुन्हा कधी नोंद होईल? नाव कळलं की. आपल्याच शहरात बसलेला चोर आणि हद्द ठरवत बसलेली यंत्रणा. काउंटरवर सीसीटीव्ही होता, मी बोट दाखवलं, त्या पोराने खांदे उडवले. फुटेज किती दिवस ठेवतात, विचारलं तर तेही माहीत नाही.

अर्जाची पोच मात्र मागून घ्या, शिक्क्यासकट; देत नाहीत, अडून बसावं लागतं. मेसेज आले तसे स्क्रीनशॉट काढत जा. त्याचे निम्मे मेसेज त्याने "डिलीट फॉर एव्हरीवन" केले, सर्टिफिकेटचं पीडीएफ डाउनलोड झालेलं होतं म्हणून वाचलं. खोकं उघडताना व्हिडिओ करा, कात्री लावण्याआधीपासून. कंद विकणारा झाडाच्या खास जातीचं नाव घेत असेल तर त्याच झाडाच्या पानाचा, आज काढलेला, शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवलेला फोटो मागा. चिडला तर चिडू द्या.

तो अजून चालू आहे. नाव बदललंय, आता उटीची नर्सरी आहे, आणि वृक्षनेचे (ट्री फर्न) विकतोय, "मायनस दहा तक गॅरंटी". मॉरेलीचा फोटो तोच आहे, निळ्या बादलीतला, डाव्या काठाला तडा. नागपुरातले आणखी दोघं मला सापडलेत, एकाचे ६,४०० गेले, एकीचे १२,०००. आम्ही तिघं मिळून आता थेट पोलीस आयुक्तालयात अर्ज देतोय. ज्यांच्याकडे तो बादलीचा फोटो आणि यूटीआर दोन्ही आहेत, त्यांनी आपली कागदपत्रं काढून ठेवा.