पट्टी कापण्याआधी विचारलेला प्रश्न: कोथरूडमधील एका औषधांच्या दुकानाचा अनुभव

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ते सहा वर्षांपासून ॲसिनोकुमॅरॉल, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी घेतात आणि मागच्या वर्षी प्रोस्टेट वाढल्याचे निदान झाल्यापासून रात्रीच्या जेवणानंतर टॅमसुलोसिनची ०.४ मिलिग्रॅमची कॅप्सूल घेतात. आधी आम्ही घरपोच सेवेकडून औषधे मागवत असू. सवलत मिळे, खोके वेळेवर येई. पण दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरची औषधे एकाच माणसाच्या पोटात जाणार आहेत, याची दखल तिथे कुणी घेतल्याचे कधी दिसले नाही.

मार्चमध्ये वडिलांना लघवीला जळजळ होऊ लागली, म्हणून डॉक्टरांनी को-ट्रायमोक्सॅझोल लिहून दिले. घराजवळच्या दुकानातील फार्मासिस्ट बाईंनी पट्टी कापण्याआधी विचारले, "काकांना आणखी काय काय चालू आहे?" मी फोनमधला जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवला. त्यांनी पट्टी परत खणात ठेवली आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. या प्रतिजैविकामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढतो आणि वडिलांचा २ ते ३ दरम्यान ठेवायचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा) थोड्याच दिवसांत वर जाऊन रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांनी मला शांतपणे समजावले. डॉक्टरांनी औषध बदलले आणि चौथ्या दिवशी तपासणी करायला सांगितली; आयएनआर २.६ आला.

टॅमसुलोसिनबद्दल मात्र त्यांनी उगाच घाबरवले नाही. त्याचा रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी थेट संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही, तरीही ते सुरू करताना किंवा मात्रा बदलताना आयएनआर पाहून घेणे बरे, असे त्या म्हणाल्या. त्यांना काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. या कॅप्सूलमुळे उठताना रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते आणि रक्त पातळ असलेला माणूस रात्री न्हाणीघरात पडून डोक्याला मार लागला, तर आतल्या आत रक्तस्राव होण्याची भीती असते. हे आम्हाला तोवर कुणीच सांगितले नव्हते. आता वडील आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसतात, मगच उठतात, आणि पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू असतो.

अमेरिकेहून मावसभावाने आणलेल्या सॉ पामेट्टोच्या (प्रोस्टेटसाठी घेतल्या जाणाऱ्या एका वनस्पतीच्या) कॅप्सूल आम्ही औषधात धरतच नव्हतो. त्यांमुळेही रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो असे कळल्यावर डॉक्टरांना विचारून त्या बंद केल्या.

या दुकानाच्या उणिवाही आहेत. सवलत कमी आहे, घरपोच सेवा नाही आणि सगळी बोलणी काउंटरवर चारचौघांत होतात. लघवीच्या तक्रारीबद्दल असे बोलताना वडील संकोचतात. बाजूला दोन खुर्च्या आणि एक पडदा असता तर फार बरे झाले असते. संध्याकाळी गर्दी असते, म्हणून सकाळी अकराच्या सुमारास जावे आणि चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या व शेवटचा आयएनआर अहवाल सोबत न्यावा.