४४० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं, ३८ फुटी बोट: एका हंगामानंतरचा अनुभव

मोठ्या, वेगवान बोटीची इंजिनं बदलायची म्हटलं की धक्क्यावरचा प्रत्येक जण एकच विचारतो: किती नॉट मारते, म्हणजे वेग किती? आमच्या भागीदारांचाही पहिला प्रश्न तोच. ऑक्टोबरपासून मेपर्यंत गेटवे ते मांडवा आणि अधूनमधून मुरूड असा अख्खा हंगाम बोट चालवल्यावर मी तो प्रश्न बराच खाली ढकललाय. आपल्या किनाऱ्यावर आधी विचारायचं ते टाकीत काय ओतणार हे. अश्वशक्तीचा हिशेब त्यानंतर.

बोट ३८ फुटी, खोल व्ही तळाची. माणसं आणि इंधन धरून साडेसात टनांच्या आसपास. मूळची जोडी ८.२ लिटरच्या पेट्रोल व्ही८ इंजिनांची, स्टर्नड्राइव्हवाली (इंजिन बोटीच्या आत, पंखा फिरवणारा पाय मागे बाहेर पाण्यात). तिच्या जागी आता वोल्वो पेंटाची डी६-४४० जोडी आहे, डीपीआय या त्यांच्याच स्टर्नड्राइव्हसकट. ५.५ लिटर, ओळीत सहा सिलिंडर, कॉमन रेल (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल), हवा दाबून भरायला टर्बो आणि कंप्रेसर दोन्ही. मिळून ८८० अश्वशक्ती.

डिझेलच घ्यायचं असं सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. मन आउटबोर्डवर (बोटीच्या मागे बाहेर टांगायच्या पेट्रोल इंजिनांवर) होतं, आणि कागदावर पाहिलं तर कुणाचंही जाईल. मर्क्युरीचं ४.६ लिटरचं व्ही८ वेराडो ३०० साधारण २७२ किलोचं. तीन लावली तर ९०० अश्वशक्ती आणि वजन सव्वाआठशे किलोच्या आत. डिझेलची जोडी ड्राइव्ह धरून दीड टनाला भिडते. शिवाय आउटबोर्ड वर उचलून ठेवता येतं, इंजिनरूम मोकळी होते, एक बंद पडलं तरी दोन उरतात. ७.६ लिटरचं व्ही१२, ६०० अश्वशक्तीचं धूडही चर्चेत येऊन गेलं. एकेक ५७२ किलोचं. ते पाहायला आवडतं, पण आमचा ट्रान्सम (बोटीची मागची भिंत) मुळात त्यासाठी बांधलेलाच नाही. तीन तीनशेंसाठीसुद्धा मागे ब्रॅकेट आणि फायबरचं मोठं काम निघत होतं.

खरी गोची इंधनाची निघाली. मर्क्युरी, यामाहा, सुझुकी, कुणाचंही मॅन्युअल उघडा, इथेनॉलची मर्यादा १० टक्के. आपल्या पंपावर मिळतं ते २० टक्क्यांचं. गाडीत ते पेट्रोल आठवड्यात जळून जातं. बोटीची टाकी हवेला उघडी, आजूबाजूला खारी दमट हवा आणि पावसाळ्यात तीन महिने बोट उभी. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतो, आणि इंजिन खेचतं ते तळातूनच. फ्लोरिडातल्या मरीनांमध्ये बोटींसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं, म्हणून तिकडच्या लोकांच्या शिफारशी इकडे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. आपल्याकडे इथेनॉल टाळायला काही जण १०० ऑक्टेन पेट्रोलवर चालवतात, पण लिटरला दीडशेच्या पुढचा भाव आणि कॅनमधून वाहतूक! हौसेपुरतं ठीक आहे.

खपाचा ढोबळ हिशेब असा. पूर्ण ताकदीवर पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण एक तृतीयांश लिटर पितं, डिझेल साधारण एक पंचमांश. म्हणजे एक ३०० चं आउटबोर्ड तासाला शंभरेक लिटर, आणि ४४० चं डिझेल नव्वदीच्या आत. आमची बोट ३००० आरपीएमला २८ नॉटवर बसते तेव्हा दोन्ही इंजिनांचे मिळून तासाला शंभर-एकशेपाच लिटर जातात. गेटवे ते मांडवा एका फेरीला चाळीसेक लिटर. जुनी पेट्रोल जोडी याच वेगाला साठाच्या वर घ्यायची, तेही महागडं इंधन. आणखी एक सुख म्हणजे स्टार्टरआधी ब्लोअर लावून पेट्रोलच्या वाफा बाहेर जायची वाट बघणं संपलं.

आता पंख्यांबद्दल (प्रोपेलरबद्दल), कारण ८८० अश्वशक्ती घेऊनही बोट मंद वाटू शकते ती इथेच. ज्यांनी इंजिनं बसवली त्यांनी चाचणी घेतली ती तीन माणसं, पाव टाकी आणि नुकताच घासलेला तळ अशी. ३७०० आरपीएम, ४१ नॉट, सगळे खूश. पहिल्याच शनिवारी दहा माणसं, सामान आणि भरलेली टाकी घेऊन निघालो तर थ्रॉटल पूर्ण टेकवूनही काटा ३४५० च्या वर जाईना. स्क्रीनवर लोड १०० टक्के, मागे काळपट धूर, आणि मांडव्याला उतरून पाहतो तर पांढऱ्या ट्रान्समवर हाताचं बोट फिरवलं की रेघ उमटेल इतकी काजळी. आमचे तांडेल (बोट चालवणारे) उरणजवळच्या करंज्याचे, जन्म डिझेलच्या मच्छीमार बोटींवर गेलेला. त्यांनी स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "साहेब, पंखा भारी पडतोय," एवढंच म्हणाले. बसवणारे मात्र 'नवं इंजिन आहे, मोकळं होईल' यावरच अडून होते. महिनाभर फोनाफोनी झाली.

शेवटी एक नंबर खालच्या पिचचा पंख्यांचा संच लावला (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितकं पुढे ढकलू पाहतो ते अंतर). भरलेल्या बोटीवर आता ३६५० मिळतात, धूर गेला. रिकाम्या बोटीचा सर्वोच्च वेग ३८ वर आला आणि दोन भागीदारांचे चेहरे पडले. पण २८ नॉटला लोड पूर्वीपेक्षा कमी दिसतो, आणि पाण्यातून वर उठून धावायला लागते ती झटक्यात. डिझेल पूर्ण भारावर आपले ठरलेले आरपीएम गाठत नसेल, तर ते कायम ओझ्याखाली राबतं. एक्झॉस्टचं तापमान चढतं, टर्बो आणि वाल्व त्यातच जातात. म्हणून चाचणी घ्याल ती भरल्या टाकीने, पूर्ण माणसांनी आणि तळ थोडा खराब असताना घ्या. हाच नियम आउटबोर्डलाही. तिथे पिच एक इंच कमी केला की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात.

आणि चाचणी बंदराच्या गर्दीत नको. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला जाणाऱ्या नीलकमल बोटीवर जी नौदलाची स्पीडबोट आदळली, तिचीही इंजिनचाचणीच चालू होती. आम्ही बाहेर मोकळ्या पाण्यात गेलो, सकाळी, वारा पडलेला असताना.

समुद्रात वागणूक कशी? जडपणा जाणवतो. जुन्या जोडीपेक्षा तीनेकशे किलो जास्त, आणि सगळे मागच्या बाजूला. ट्रिम टॅब (मागे तळाशी वरखाली होणाऱ्या पट्ट्या) न वापरता निघालं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आभाळाकडे. पण दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला आणि आखूड, उभ्या लाटा सुरू झाल्या की हाच जडपणा कामाला येतो. २२ नॉटवर बोट आपटत नाही, लाट कापत जाते. खालच्या आरपीएमला कंप्रेसरची बारीक शिट्टी ऐकू येते. मला आवडते, घरच्यांना नाही.

देखभालीचं कौतुक करावं असं फार नाही. कॉमन रेलला पाणी अजिबात खपत नाही. दर आठवड्याला डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरची वाटी सोडतो. एकदा ड्रममधून भरलेल्या डिझेलनंतर तळाशी दोन बोटं गढूळ पाणी निघालं. तेव्हापासून जाळीचं नरसाळं आणि ठरलेला पुरवठादार. उधाणाच्या ओहोटीला चिखल आणि प्लास्टिक दोन्ही वर येतं, त्यामुळे समुद्राच्या पाण्याचा स्ट्रेनर (गाळणी) दर फेरीनंतर उघडायचा. ड्राइव्ह कायम पाण्यात, म्हणून बार्नेकल (कवचवाले समुद्री जीव) चिकटतात आणि झिंक (गंजापासून ड्राइव्ह वाचवायला लावलेले जस्ताचे तुकडे) भराभर झिजतं. इथे आउटबोर्डवाले सरळ जिंकतात. मालवण-गोव्याकडे बोट ट्रेलरवर राहत असेल, पाणी उथळ असेल आणि पेट्रोल ताजं ताजं संपत असेल, तर मी अजूनही आउटबोर्डच सांगेन.

बोट सध्या पावसाळ्यासाठी वर काढलीय. टाक्या काठोकाठ भरून ठेवल्यात, म्हणजे आत ओलावा धरायला जागा नको. सप्टेंबरला उतरवायच्या आधी ड्राइव्हचे बेलोज (पाणी आत येऊ न देणारी रबरी आवरणं) तपासून घेणार. जास्त पिचचा पहिला संच, जेमतेम महिनाभर वापरलेला, पडून आहे. हलक्या बोटीला छान बसेल. भागीदारांचा जीव त्यात अडकलाय, नाहीतर केव्हाच विकला असता.