एकेका रात्रीचा दौरा की थिएटरांची भागीदारी?

ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या नाट्यकंपनीला नाटक लंडनबाहेर न्यायचं तर वाटा दोन: गावोगावी स्वतः तारखा घ्यायच्या, नाहीतर दोन-तीन प्रादेशिक थिएटरांसोबत मिळून नाटक उभं करायचं. दुसरी वाट नॉटिंगहॅम प्लेहाउस, बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटर आणि इप्सविचचं न्यू वुल्झी यांनी 2003 पासून ‘इक्लिप्स’ या नावाने चालवून दाखवली.

स्वतःच्या तारखांत मोकळीक मोठी. नाटक, नट, हक्क सगळं कंपनीचं. थिएटरने ठरावीक रकमेची गॅरंटी दिली नसेल तर रिकाम्या खुर्च्यांचा तोटाही तिचाच. दुपारी सेट आणि लाइट, रात्री प्रयोग, लगेच बांधाबांध, आपल्या दौऱ्यांसारखंच. थिएटरचे टांगलेले दिवे फिरवायला वेळ उरत नाही, बाजूचा नि मागचा प्रकाश कमी पडतो, आणि काळ्या पडद्यापुढे गडद चेहऱ्यांवरचे भाव मागच्या रांगांपर्यंत पोचत नाहीत. पण लाइटचं एकवेळ निभावता येतं.

माझा कल ठरवला तो वेगळ्याच अडचणीने. ब्रिटनमधला हा नवा प्रेक्षक पोस्टर पाहून क्वचितच येतो. चर्चमध्ये किंवा न्हाव्याच्या दुकानात ओळखीचं कुणी ‘जाऊन ये’ म्हणालं की येतो. ते पसरायला तीन-चार दिवस लागतात, तोवर ट्रक पुढच्या गावी गेलेला असतो. पुढच्या नाटकाला पुन्हा शून्यापासून सुरुवात. भागीदारीत एकाच गावी आठवडा-दोन आठवडे मिळाले, तर सोमवारी बोललेलं शनिवारच्या गर्दीत दिसतं. तिकीट घेणाऱ्यांची यादीही थिएटरकडे राहते. वस्तीत फिरून नाटकाबद्दल सांगणारा माणूस त्यांनी दोन-तीन महिने आधी नेमला, तर ती यादी पुढच्या नाटकालाही कामी येते.

भागीदारीचे त्रास आहेतच. तारखा वर्ष-दीड वर्ष आधी बांधाव्या लागतात, आणि प्रत्येक थिएटरच्या कलात्मक संचालकाचं संहितेवर मत असतं. सेट एकाच वर्कशॉपमध्ये बनतो, म्हणून मापं सर्वांत लहान रंगमंचाची घ्यावीत: पुढून मागेपर्यंतची खोली, विंगेतली जागा, सामान आत नेण्याचा दरवाजा. नॉटिंगहॅमचं प्रेक्षागृह साडेसातशेच्या आसपास खुर्च्यांचं, इप्सविचचं चारशेच्या. पहिल्यासाठी बांधलेला सेट दुसरीकडे आयत्या वेळी कापावा लागला की सांधे ढिले पडतात.

नाटक कुणाचं, हा मालकीचा प्रश्न मात्र खरा जड. इक्लिप्स थिएटरांनी जन्माला घातली. 2010 मध्ये ती शेफील्डमधून स्वतंत्र कंपनी म्हणून उभी राहिली आणि 2018 चं ‘ब्लॅक मेन वॉकिंग’ तिने मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजबरोबर केलं. माझ्या मते भागीदारी अशीच, स्वतःच्या नावाने करावी. वाढीव खर्च कोण किती उचलणार आणि दौऱ्यानंतरच्या प्रयोगांचे हक्क कुणाकडे, हे तालमीआधी करारात यावं. हक्कांचं कलम लिहून मिळत नसेल, तर एकेका रात्रीच्या तारखाच बऱ्या.