वजन उतरवताना फूड कोर्टमधील जेवण: तीन महिन्यांचा अनुभव

घरून डबा नेणे हाच वजन उतरवण्याचा खरा मार्ग आहे, हे मला मान्य आहे. परंतु सकाळी साडेसहाची कंपनीची बस पकडणाऱ्याच्या हातून तो रोज होत नाही, आणि मग हिंजवडीतील आमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावरील फूड कोर्टवर अवलंबून राहावे लागते. एप्रिलच्या आरंभी माझे वजन ८१ किलो होते. तेव्हापासून तीन महिने तेथील काउंटरांवर आणि फाटकाबाहेरच्या गाडीवर आलटून पालटून जेवलो, आणि पदार्थ कोणता यापेक्षा तो तयार होत असताना आपल्याला ‘हे नको’ म्हणता येते की नाही, हीच कसोटी मला शेवटी उपयोगी वाटली.

देशभर शाखा असलेल्या बर्गरच्या काउंटरची एक बाजू चांगली आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर पदार्थांच्या कॅलरी द्याव्या लागतात, त्यामुळे येथे निदान आकडा समोर असतो. मात्र नुसता बर्गर घेऊन क्वचितच कोणी उठतो. पैसे देतानाच ‘कॉम्बो करू का सर?’ असे विचारले जाते, आणि थोड्याच जास्त पैशांत तळलेले बटाटे व कोला ताटात येतात. ३०० मिलिलिटर साध्या कोलामध्ये ३० ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी, आणि त्याने पोट भरत नाही ते नाहीच. ‘मेयोनेज नको’ असे बिलावर नोंदवूनही गर्दीच्या वेळी दोनदा मेयोनेज लावलेलाच बर्गर हाती आला.

सॅलडच्या काउंटरने माझी अधिक निराशा केली. वाडग्यात पाने हिरवीगार असतात, पण पनीर तळलेले असते आणि वरून ओतले जाणारे ड्रेसिंग मुख्यतः तेलाचेच असते. पिष्टाच्या एका ग्रॅममधून ४ किलोकॅलरी मिळतात, तर तेलाच्या एका ग्रॅममधून ९, हे ध्यानात घेतले की त्या वाडग्याचा गुण कुठे हरवतो ते कळते. ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागून घेतले तर हे सॅलड उत्तम आहे, फक्त त्याची किंमत इडलीच्या तिप्पट पडते.

माझा मुक्काम अखेर उडुपी काउंटरवर पडला. इडली वाफवलेली असते, सांबारात तूरडाळ आणि भाज्या असतात आणि दुसरी वाटी मागितली तर कोणी कपाळाला आठी घालत नाही. खोबऱ्याची चटणी तेवढी बेताने घ्यावी. अडचण एवढीच की तीन इडल्यांवर जेवलेल्या माणसाला चार वाजता पुन्हा भूक लागते आणि त्या वेळी पँट्रीत समोसे आलेले असतात. पहिले दोन आठवडे मी याच सापळ्यात सापडलो. आता सोबत दही घेतो आणि घरून मूठभर भाजलेले चणे नेतो, त्यामुळे संध्याकाळ निभावते. साध्या डोशाबाबत एक सूचना करावीशी वाटते. ‘तेल कमी’ हे काउंटरवर सांगून उपयोग होत नाही, कारण तव्यावरचा माणूस मान डोलावतो आणि हात सवयीने लोण्याच्या डब्याकडे जातो. तव्यापाशी उभे राहावे लागते.

फाटकाबाहेरच्या सँडविचच्या गाडीवर तर सगळेच डोळ्यांसमोर घडते. काकडी, टोमॅटो, बीट, कांदा आणि हिरवी चटणी यांचे न भाजलेले सँडविच ‘काका, लोणी नको, चटणी जास्त लावा’ असे सांगून घेता येते. मात्र पहिल्या स्लाइसला सुरी लागण्यापूर्वीच हे सांगायला हवे. शेजारच्या वडापावात असा हस्तक्षेप चालत नाही, कारण बेसन आणि तळण वजा केले तर बटाट्याची भाजी उरते, आणि ती खायला कोणी गाडीवर जात नाही. पाऊस सुरू झाल्यावर चिरून ठेवलेल्या कच्च्या भाज्यांची धास्ती वाटू लागल्यामुळे जूनपासून मी सँडविच बंद केले आहे.

जूनअखेरीस वजन साडेसत्त्याहत्तर किलो भरले. संध्याकाळी पाऊण तास चालणेही याच काळात सुरू झाले होते, तेव्हा सारे श्रेय जेवणाला देता येणार नाही. पाचपैकी उडुपी काउंटरला मी चार गुण देईन, गाडीला कोरड्या ऋतूपुरते साडेतीन, सॅलडला तीन आणि बर्गरला दोन. उडुपी काउंटरवर एक वाजल्यानंतर इडली बहुधा संपलेली असते आणि मेदुवडाच तेवढा उरतो, म्हणून साडेबाराच्या आत रांगेत उभे राहावे.